क्वालिटी बदलताना व्हिडिओ अडखळतो: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी तुमच्याकडे होत असतील तर हे टिपण तुमच्यासाठी आहे.

- ‘ऑटो’वर ठेवलेला व्हिडिओ मध्येच अर्धा-एक सेकंद थिजतो आणि पुन्हा चालू होतो. तोच व्हिडिओ एका क्वालिटीवर पक्का केला की शेवटपर्यंत सुरळीत चालतो.
- क्वालिटी बदलते त्या क्षणी चित्र किंचित मागे जातं. बोलणाऱ्याचा एखादा शब्द दोनदा ऐकू येतो, किंवा अर्धाच ऐकू येतो.
- क्षणभर काळा पडदा दिसतो, नाहीतर चित्रात ठोकळेच ठोकळे; एक-दोन सेकंदांत आपोआप साफ होतात.
- सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात, पुढे क्वालिटी बदलेल तसे सुटत जातात.
- कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये काहीच जाणवत नाही, पण टीव्हीवर किंवा जुन्या फोनवर तोच व्हिडिओ थांबतो.
- पुढचा बराच बफर (आधीच उतरवून ठेवलेला भाग) भरलेला दिसतो, तरीही चित्र थांबलेलं असतं.

शेवटचं लक्षण सगळ्यात बोलकं आहे. बफर रिकामा असेल तर डेटा पोचलेला नाही, म्हणजे नेटकडे बघायला हरकत नाही. बफर भरलेला असून चित्र थांबतं तेव्हा डेटा हातात आलेला असतो, पण डिकोडरला (डेटामधून चित्र परत उभं करणाऱ्या भागाला) तो त्या जागेपासून उलगडता येत नाही.

हा एकच बिघाड मी कितीतरी वेळा दुरुस्त केला आहे. माझ्यापर्यंत तक्रार येते तोवर बहुतेकांनी नेटला दोष देऊन, प्लेयर बदलून, मोठा सर्व्हर घेऊन पाहिलेलं असतं. त्यात लोकांचे दिवस जातात आणि पैसेही जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. दोष बहुतेक वेळा एन्कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या कामात असतो, आणि त्यातही एकाच जागी: वेगवेगळ्या क्वालिटींचे कीफ्रेम (स्वतंत्रपणे उलगडणारी पूर्ण चित्रं) एकाच क्षणाला पडलेले नसतात.

हे असं का होतं

अडॅप्टिव्ह स्ट्रीमिंगमध्ये, म्हणजे नेटच्या वेगाप्रमाणे क्वालिटी बदलणाऱ्या पद्धतीत, एकच व्हिडिओ पाच-सहा बिटरेटना (सेकंदाला लागणाऱ्या डेटाच्या प्रमाणांना) एन्कोड होतो. त्या संचाला शिडी म्हणू आणि त्यातल्या प्रत्येक क्वालिटीला पायरी. प्रत्येक पायरीचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. प्लेयर सातवा तुकडा ७२०च्या पायरीवरून घेतो. नेट मंदावलं तर आठवा ४८०वरून घेतो. हे बेमालूम व्हायचं असेल तर दोन अटी पाळाव्या लागतात. ७२०चा सातवा तुकडा जिथे संपला नेमका तिथूनच ४८०चा आठवा सुरू व्हायला हवा. आणि त्या आठव्या तुकड्याची पहिली फ्रेम कीफ्रेम हवी, म्हणजे आधीच्या कुठल्याही फ्रेमचा आधार न घेता उलगडणारं पूर्ण चित्र. एचएलएस असो की डॅश (असे तुकडे पोचवण्याच्या दोन पद्धती), या अटींतून सुटका नाही.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम असा लावला आहे की पहिल्या तीन-चार गोष्टींना पैसा लागत नाही आणि पुन्हा एन्कोडही करावं लागत नाही. तो क्रम मोडून थेट पुन्हा एन्कोड करायला बसू नका.

क्वालिटी पक्की करून बघा

प्लेयरमध्ये ‘ऑटो’ बंद करा आणि प्रत्येक पायरी एकेकदा दोन-तीन मिनिटं चालवा. सगळ्या पायऱ्या स्वतंत्रपणे नीट चालल्या तर दोष पायऱ्यांच्या सांध्यात आहे. एखादीच पायरी पक्की केल्यावरही अडखळत असेल तर त्या एका पायरीचा बिटरेट किंवा फाइल बिघडलेली आहे. मग सरळ खाली बिटरेटच्या उंचवट्यांच्या भागाकडे जा.

मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्कचा भाग उघडा, वेग मुद्दाम कमी करा, वाढवा, पुन्हा कमी करा. कुठला तुकडा कुठल्या पायरीवरून आला हे तिथे ओळीओळीने दिसतं. चित्र अडखळलं तो क्षण आणि पायरी बदललेली ओळ दर वेळी एकत्र येत असतील तर निदान अर्धंअधिक झालं. ती वेळ आणि तुकड्याचा क्रमांक लिहून ठेवा. पुढे प्रत्येक तपासणीत लागणार आहे.

हीच चाचणी दुसऱ्या प्लेयरवर, आणि शक्य असेल तर टीव्हीवरही करा. पण निकालाचा अर्थ जपून लावा. ब्राउझरमधले प्लेयर बरेच सोशिक असतात: तुकड्यांमध्ये बारीक फट असेल तर ती ओलांडून पुढे जातात. टीव्हीतला हार्डवेअर डिकोडर तेवढा सोशिक नसतो. त्यामुळे ‘ब्राउझरमध्ये चालतं म्हणजे फाइल बरोबर आहे’ हे खरं नाही. दोष दोन्हीकडे असतो, फक्त एकीकडे झाकला जातो.

जुने तुकडे नव्यात मिसळले आहेत का

ही तपासणी बहुतेकजण विसरतात. व्हिडिओ पुन्हा एन्कोड केला आणि त्याच नावांनी त्याच जागी चढवला, तर सीडीएनच्या (प्रेक्षकाच्या जवळून फाइल पुरवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याच्या) कॅशेत काही जुने तुकडे तसेच राहतात. मग १२वा तुकडा नव्या एन्कोडचा, १३वा जुन्याचा. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष, पण एकमेकांशी न जुळणारे. अशा वेळी बिघाड एका भागातल्या प्रेक्षकांना दिसतो आणि दुसऱ्या भागातल्यांना दिसत नाही, आणि शोधणारा पार गोंधळून जातो.

मूळ सर्व्हरवरचा तुकडा आणि सीडीएनवरून आलेला तुकडा, दोन्ही उतरवून आकार बाइटपर्यंत ताडून बघा. फरक निघाला तर कॅशे रिकामी करा. पुढच्या वेळेपासून प्रत्येक एन्कोडला नवं फोल्डर द्या. जुन्या नावावर नवी फाइल कधीच चढवू नका. ही एक सवय लावली की या वाटेने येणारा बिघाड परत येत नाही.

मास्टर प्लेलिस्ट वाचा

मास्टर प्लेलिस्ट, म्हणजे सगळ्या पायऱ्यांची यादी, ही साधी मजकुराची फाइल आहे, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. तिच्यात प्रत्येक पायरीपुढे ‘बँडविड्थ’ लिहिलेली असते आणि प्लेयर त्याच आकड्यावर भरवसा ठेवून पायरी निवडतो. हा आकडा बिट प्रति सेकंदात हवा. हाताने प्लेलिस्ट लिहिणारे इथे हमखास किलोबिट लिहितात: ३०,००,०००च्या जागी ३,०००. प्लेयरला मग सगळ्याच पायऱ्या फुकटात मिळणाऱ्या वाटतात, तो थेट सगळ्यात वरची उचलतो, तिथे दम लागला की खाली पडतो, पुन्हा वर जातो.

दुसरी चूक म्हणजे फक्त व्हिडिओचा बिटरेट लिहिणं. एचएलएसच्या नियमानुसार (आरएफसी ८२१६, ऑगस्ट २०१७) हा आकडा त्या पायरीतल्या तुकड्यांचा सर्वोच्च बिटरेट असतो, आणि त्यात आवाजाचा वाटा आणि कंटेनरचा (डेटा बांधणाऱ्या वेष्टणाचा) भारही धरावा लागतो. सरासरीसाठी वेगळं ‘अ‍ॅव्हरेज-बँडविड्थ’ आहे.

तिसरी गोष्ट ‘कोडेक्स’, म्हणजे व्हिडिओ कुठल्या प्रकारे दाबला आहे त्याची नोंद. एच.२६४ या प्रकारासाठी तिथे जो संकेत असतो त्याची शेवटची दोन अक्षरं लेव्हल (डिकोडरला किती ताकद लागेल याची पातळी) सांगतात, तीही षोडशमान पद्धतीत: ‘१एफ’ म्हणजे ३१, अर्थात लेव्हल ३.१, ‘२८’ म्हणजे ४०, अर्थात लेव्हल ४.०. ७२०ची ३० फ्रेमची पायरी ३.१मध्ये बसते, पण तीच ६० फ्रेमची केली तर ३.२ लागते. १०८०ला ३० फ्रेमसाठी ४.० आणि ६० फ्रेमसाठी ४.२. संकेत एक आणि फाइल दुसरीच असली तर काही उपकरणं ती पायरी घेतच नाहीत, आणि काही घेऊन मध्येच थांबतात.

तुकड्यांच्या लांबीच्या ओळी ताडून बघा

प्रत्येक पायरीच्या स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये ‘एक्स्टइन्फ’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात, प्रत्येक ओळ एका तुकड्याची लांबी सांगते. कुठल्याही दोन पायऱ्यांच्या प्लेलिस्ट शेजारी शेजारी ठेवा. ओळींची संख्या तीच हवी आणि प्रत्येक ओळीतला आकडाही तोच हवा. एकीत ६, ६, ६ आणि दुसरीत ६, ७.३६, ४.६४ असं दिसलं तर पुढे फार शोधायला नको, बिघाड सापडला.

तुकडे पाडणारं साधन व्हिडिओ हव्या त्या जागी कापू शकत नाही, कीफ्रेमवरच कापतं. तुम्ही ६ सेकंदांचे तुकडे मागितले आणि कीफ्रेम दर ४ सेकंदांनी असले, तर एक तुकडा ८चा, दुसरा ४चा असे तिरपागडे तुकडे मिळतात. एक्स२६४ या एच.२६४च्या एन्कोडरला काहीच सांगितलं नाही तर तो दोन कीफ्रेममध्ये कमाल २५० फ्रेम जाऊ देतो; सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ते १० सेकंद झाले. म्हणून ६ सेकंद मागूनही १० सेकंदांचे तुकडे पडलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

‘टार्गेट-ड्यूरेशन’ही, म्हणजे प्लेलिस्टने जाहीर केलेली तुकड्याची कमाल लांबी, इथेच बघून घ्या. कुठल्याही तुकड्याची जवळच्या पूर्णांकात आणलेली लांबी त्या आकड्यापेक्षा जास्त असता कामा नये.

कीफ्रेम खरोखर कुठे पडलेत ते मोजा

लांबीच्या ओळी जुळल्या तरी इथपर्यंत याच, कारण प्लेलिस्टमधले आकडे हे पॅकेजरचं (तुकडे पाडणाऱ्या साधनाचं) म्हणणं असतं आणि खरं काय ते व्हिडिओत असतं. एफएफप्रोब या मोफत साधनाला ‘फक्त कीफ्रेम वाच आणि त्यांच्या वेळा छाप’ असं सांगता येतं: ‘स्किप-फ्रेम’ला ‘नोकी’ द्या आणि फ्रेमची ‘पीटीएस-टाइम’ मागा. प्रत्येक पायरीसाठी ही यादी एका मजकूर फाइलमध्ये साठवा आणि पहिली न जुळणारी ओळ शोधा.

बिघडलेल्या संचात बहुधा असं दिसतं. ७२०ची यादी: ०, २, ४, ६, ८. ४८०ची यादी: ०, २, ३.३६, ५.३६, ७.३६. पहिल्या दोन ओळी बरोबर, मग ३.३६ला एक आगंतुक कीफ्रेम, आणि तिथून पुढे सगळं सरकलेलं. त्या ३.३६ सेकंदाला व्हिडिओ उघडून बघा. तिथे दृश्य बदललेलं असतं, नाहीतर कॅमेऱ्याचा फ्लॅश उडालेला असतो.

याचं कारण एन्कोडरची सीनकट ओळखण्याची सोय. दृश्य एकदम बदललं तर मागच्या फ्रेमचा आधार घेण्यात काही वाचत नाही, म्हणून एन्कोडर तिथे स्वतःहून कीफ्रेम टाकतो. एकट्या फाइलसाठी हा निर्णय उत्तम आहे. पण प्रत्येक पायरी हा निर्णय स्वतःच्या पिक्सेलवर घेते. कडक कट सगळ्यांना दिसतो. हळूहळू विरघळणारं दृश्य किंवा फ्लॅश ७२०ला बदल वाटत नाही आणि ४८०ला वाटतो. एकदा एका पायरीने वेगळा निर्णय घेतला की पुढची मोजणी तिथूनच सुरू होते.

यावर लोक जो उपाय करतात तो अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे समजायला मला फार दिवस लागले. कमाल अंतर ५० फ्रेम आणि किमान अंतरही ५० फ्रेम असं लिहिलं की मध्ये कीफ्रेम पडायला जागाच उरत नाही, असं वाटतं. पण एक्स२६४ किमान अंतर आतल्या आत कापतो: कमालच्या निम्मं अधिक एक, त्याहून जास्त तो मानत नाही. म्हणजे तुम्ही ५० लिहिलं तरी तो २६ धरतो. वरच्या उदाहरणात २ सेकंद ते ३.३६ सेकंद हे अंतर ३४ फ्रेमचं आहे, २६हून जास्त. म्हणून तो कीफ्रेम पडला. किमान अंतर लिहून भागत नाही, सीनकट शून्य करावाच लागतो.

यादी बघताना आणखी एक भेद ध्यानात ठेवा. एच.२६४मध्ये प्रत्येक ‘आय’ फ्रेम (स्वतः पूर्ण चित्र असलेली) खरी कीफ्रेम नसते. खरी कीफ्रेम म्हणजे आयडीआर: ती आली की डिकोडर आधीच्या सगळ्या फ्रेम विसरतो. साध्या ‘आय’ फ्रेमनंतरच्या फ्रेम मात्र तिच्याही मागच्या फ्रेमचा आधार घेऊ शकतात. तुकड्याची सुरुवात आयडीआरनेच हवी. एनव्हीईएनसीसारखे ग्राफिक्स कार्डावरचे एन्कोडर एफएफएमपेग या मोफत एन्कोडिंग साधनातून वापरत असाल तर सक्तीने मागितलेले कीफ्रेम मुळात साध्या ‘आय’ फ्रेम म्हणून येतात. ‘फोर्स्ड-आयडीआर’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो.

एच.२६५ या पुढच्या पिढीच्या प्रकारात याचंच भावंड आहे, ओपन जीओपी (उघडा फ्रेम-गट). एक्स२६५ या त्याच्या एन्कोडरमध्ये तो मुळातच चालू असतो. त्यात कीफ्रेमनंतर येणाऱ्या पण तिच्याआधी दिसणाऱ्या काही फ्रेम मागच्या गटाचा आधार घेतात. पायरी बदलली की तो मागचा गट दुसऱ्याच आकाराचा असतो, आणि लक्षणांमध्ये सांगितलेले ठोकळे इथून येतात. ओपन जीओपी बंद करा.

पुन्हा एन्कोड करताना

आधी मूळ फाइलची फ्रेम रेट स्थिर आहे का ते बघा. फोनवर काढलेलं चित्रण आणि स्क्रीन रेकॉर्डिंग यांत ती बहुधा अस्थिर असते. अशा फाइलवर ‘दर ५० फ्रेमला कीफ्रेम’ म्हणजे कधी २ सेकंद, कधी सव्वादोन. एन्कोड करण्याआधी एफपीएस फिल्टरने ती स्थिर करा, आणि हे सगळ्या पायऱ्यांसाठी एकदाच करा, प्रत्येक पायरीसाठी वेगळं नाही.

मग सेटिंग. कमाल अंतर दोन सेकंदांच्या फ्रेमइतकं, सीनकट शून्य, ओपन जीओपी बंद, आणि तुकड्याची लांबी या अंतराच्या पटीत. शक्य असेल तर एकाच एफएफएमपेग प्रक्रियेत मूळ चित्र एकदा डिकोड करून ‘स्प्लिट’ने सगळ्या पायऱ्यांना वाटा. सगळ्या पायऱ्यांना त्याच फ्रेम, त्याच वेळा मिळतात आणि डिकोडिंगचा खर्चही एकदाच होतो.

कीफ्रेम वेळेच्या सूत्रावरून सक्तीने टाकण्याची पद्धतही आहे: ‘दर दोन सेकंदांनी टाक’. सगळ्या पायऱ्यांची फ्रेम रेट एकच असेल तर ती चोख चालते. पण वरच्या पायऱ्या ५९.९४ आणि खालच्या २९.९७ फ्रेमच्या असतील तर तिच्यात एक खोच आहे. सूत्र ‘२, ४, ६ सेकंदांनंतरची पहिली फ्रेम’ शोधतं. पहिले आठ सांधे जुळतात. नवव्याला, १८ सेकंदांच्या जागी, ५९.९४च्या पायरीला १८.००१वर फ्रेम मिळते, २९.९७ला मात्र तिथे फ्रेमच नसते. तिची पुढची फ्रेम १८.०१८ला. एका फ्रेमची फट पडते. पहिल्या पंधरा सेकंदांची चाचणी घेऊन ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. अशा शिडीत वेळेऐवजी फ्रेम मोजा: वर १२०, खाली ६०. दोन्हीकडे अंतर २.००२ सेकंद येतं आणि ते कायम जुळलेलं राहतं.

कीफ्रेम किती जवळ ठेवायचे यात खरा व्यवहार आहे. कीफ्रेम महाग असतो, त्याला बाकीच्या फ्रेमपेक्षा कितीतरी जास्त बिट लागतात. अ‍ॅपलची शिफारस दर २ सेकंदांना कीफ्रेम आणि ६ सेकंदांचे तुकडे अशी आहे आणि माझीही सुरुवात तिथूनच असते. बिघाडाला घाबरून कीफ्रेम एका सेकंदावर आणू नका. सांधा जुळलेला असेल तर २ सेकंद पुरतात, आणि जुळलेला नसेल तर एका सेकंदानेही भागत नाही. व्याख्यानाच्या स्लाइडसारखं स्थिर चित्र कमी बिटरेटला असेल तर प्रत्येक कीफ्रेमला चित्र श्वास घेतल्यासारखं हलतं. तिथे मी ४ सेकंदांचा कीफ्रेम आणि ४ सेकंदांचाच तुकडा ठेवतो.

आवाज

आवाजाचा बिघाड व्हिडिओच्या बिघाडासारखाच ऐकू येतो, म्हणून तो चुकीच्या जागी शोधला जातो. एएसी या आवाजाच्या प्रकाराची एक फ्रेम १,०२४ नमुन्यांची असते. ४८ किलोहर्ट्झला ती २१.३३ मिलिसेकंदांची होते. दोन सेकंदांत अशा ९३.७५ फ्रेम बसतात, म्हणजे पूर्ण बसतच नाहीत. व्हिडिओ नेमका २ सेकंदांवर कापता येतो, आवाज येत नाही. ८ सेकंदांना मात्र बरोबर ३७५ फ्रेम होतात. २५ फ्रेमच्या व्हिडिओत १.९२ सेकंद हाही एक सोयीचा आकडा आहे: व्हिडिओच्या ४८ फ्रेम, आवाजाच्या ९०.

पण आकड्यांची ही कसरत बहुतेकांना करावी लागत नाही. आवाज एकदाच एन्कोड करा, स्वतंत्र ट्रॅक ठेवा आणि सगळ्या पायऱ्यांना तोच द्या. पायरी बदलली तरी आवाज बदलत नाही, त्यामुळे सांधाच उरत नाही. प्रत्येक पायरीत आवाज वेगवेगळ्या बिटरेटला एन्कोड करून कोंबला असेल तर दर बदलाला बारीक ‘टक्’ ऐकू येणं अगदी शक्य आहे, कारण प्रत्येक एएसी एन्कोड सुरुवातीला थोडी भरती (रिकामे नमुने) घालतो आणि ती सगळीकडे सारखी असेलच असं नाही.

सुरुवातीची वेळ, आकार, रंग

कीफ्रेम जुळले, आवाज जुळला, तरी चित्र बदलताना एक-दोन फ्रेम उडी मारतं? एफएफप्रोबमध्ये प्रत्येक पायरीचा ‘स्टार्ट-टाइम’ बघा. सगळ्यात खालची पायरी जुन्या फोनसाठी बेसलाइन प्रोफाइलमध्ये (एच.२६४च्या साध्या रूपात) केलेली असेल तर तिच्यात बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमचा आधार घेणाऱ्या) नसतात आणि वरच्यांमध्ये असतात. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम प्रकारच्या तुकड्यांत मग एकीची सुरुवात १.४० आणि दुसरीची १.४८ अशी दिसते. २५ फ्रेमला हा फरक बरोबर दोन फ्रेमचा. सगळ्या पायऱ्यांत बी-फ्रेमची संख्या एकच ठेवली की हा फरक जातो.

चित्र बदलताना रुंदी केसभर हलते असं वाटत असेल तर ८५४ गुणिले ४८०कडे बघा. १६:९च्या हिशोबाने ४८० उंचीला ८५३.३३ रुंदी लागते. ती ८५४ केली की एफएफएमपेग पिक्सेलचं गुणोत्तर १२८०:१२८१ असं लिहून फरक सांभाळतो, आणि काही प्लेयर ते पाळतात तर काही पाळत नाहीत. गुणोत्तर १ करा, किंवा त्या पायरीऐवजी ७६८ गुणिले ४३२ अशी नेमकी बसणारी पायरी घ्या.

रंग बदलत असेल तर फाइलवर रंगाची खूण नाही. खूण नसली की काही प्लेयर उंची बघून रंगाच्या मानकाचा अंदाज करतात: लहान चित्राला बीटी.६०१, मोठ्याला बीटी.७०९. मग ४८०वरून ७२०ला जाताना लाल आणि हिरवा थोडे सरकतात. एचडी मूळ फाइल असेल तर सगळ्या पायऱ्यांवर बीटी.७०९ ठळकपणे लिहा.

बिटरेटचे उंचवटे

सीआरएफने, म्हणजे बिटरेटऐवजी ठराविक दर्जा धरून, एन्कोड करून कमाल मर्यादा घातली नसेल तर शांत दृश्याचा तुकडा लहान आणि धावपळीचा तुकडा प्रचंड होतो. तुकड्याचे बाइट गुणिले ८ भागिले सेकंद, एवढंच गणित करा. प्लेलिस्टमध्ये ३ मेगाबिट लिहिलंय आणि ६ सेकंदांचा एखादा तुकडा ४.५ मेगाबाइट निघाला तर तो प्रत्यक्षात ६ मेगाबिटचा आहे. प्लेयरने ३ मेगाबिटच्या भरवशावर तो मागवला, आणि तो येईपर्यंत बफर संपला. हे थांबणं क्वालिटी पक्की करूनही दिसतं. कीफ्रेमच्या दोषापासून ते वेगळं ओळखायची खूण हीच.

सीआरएफ सोडायची गरज नाही. त्याला ‘मॅक्सरेट’ (कमाल बिटरेट) आणि ‘बफसाइझ’ची (ती मर्यादा किती डेटावर मोजायची त्याची) जोड द्या. मी बफसाइझ मॅक्सरेटच्या एक ते दीड पट ठेवतो. साठवलेल्या व्हिडिओसाठी सर्वोच्च बिटरेट सरासरीच्या दुपटीच्या आत असावा असं अ‍ॅपल सुचवते, आणि शेजारच्या पायऱ्या एकमेकींपासून दीड ते दोन पट अंतरावर. पायऱ्या फार दाट केल्या की प्लेयर उगाच खालीवर उड्या मारतो, साठवण वाढते आणि डोळ्याला फरकही कळत नाही. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१५मध्ये प्रत्येक शीर्षकासाठी वेगळी शिडी बांधण्याची पद्धत जाहीर केली, तिच्यामागचा विचार लहान संग्रहालाही लागू पडतो: स्थिर स्लाइडना आणि खेळाच्या सामन्याला एकच शिडी लावणं म्हणजे एकीकडे बिट वाया घालवणं आणि दुसरीकडे कमी देणं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

कीफ्रेमच्या याद्या सगळ्या पायऱ्यांत ओळीओळीने जुळल्या, आवाज एकच आहे, उंचवटे मर्यादेत आहेत, आणि तरीही एखाद्या ठराविक टीव्हीवर किंवा सेट-टॉप बॉक्सवर थांबत असेल तर स्वतः सेटिंग बदलत बसू नका. तो त्या उपकरणाच्या डिकोडरचा किंवा प्लेयर अ‍ॅपचा प्रश्न आहे आणि त्याच्या आतल्या नोंदी वाचणारा माणूस लागतो.

थेट प्रक्षेपणात पायऱ्या वेगवेगळ्या यंत्रांवर एन्कोड होत असतील तरीही थांबा. तिथे एका यंत्राने एक फ्रेम गाळली की मोजणी कायमची सरकते. उपाय म्हणजे सगळ्या यंत्रांना एकाच टाइमकोडला बांधणं, आणि चालू प्रक्षेपणावर तो प्रयोग करू नये. डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) लावलेले व्हिडिओ, मध्ये जाहिराती घालणारी व्यवस्था, आणि डॉल्बी व्हिजनसारखं एचडीआर यांनाही हात लावू नका. डीआरएममध्ये चुकलेली एक किल्ली सगळा संग्रह बंद पाडू शकते, आणि जाहिरातींच्या सांध्यावर वेळा मुळातच तुटलेल्या असतात. तिथला दोष वर सांगितलेल्या पद्धतीने सापडणार नाही.

बोलवाल तेव्हा त्यांच्या हातात हे द्या: मास्टर प्लेलिस्ट आणि प्रत्येक पायरीची प्लेलिस्ट, अडखळलेल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे दोन्ही पायऱ्यांतून, तुकडे एफएमपी४ प्रकारचे असतील तर सोबत प्रत्येक पायरीची इनिट फाइल (डिकोडरला सुरुवातीची माहिती देणारी), कीफ्रेमच्या याद्या, एन्कोड करताना दिलेली पूर्ण आज्ञा आणि ज्या उपकरणावर दिसलं त्याचं मॉडेल. अ‍ॅपलच्या मीडियास्ट्रीमव्हॅलिडेटर या तपासणी साधनाचा अहवाल असेल तर तोही जोडा. मूळ फाइल हाताशी ठेवा. ती नसेल तर आधीच एन्कोड केलेल्या पायरीवरून पुन्हा एन्कोड करावं लागतं आणि गेलेली क्वालिटी परत येत नाही.